लंगडण्याआधीच सुरू होते सांध्यांचे दुखणे

शर्यतीचा घोडा एकाएकी लंगडू लागला, की दोष त्या दिवशीच्या धावेला दिला जातो. प्रत्यक्षात दुखण्याचे मूळ कित्येक महिने मागे, काही वेळा तर शिंगरू आईचे दूध पीत होते त्या काळात असते. मुंबईच्या महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर धावणारे थरोब्रेड घोडे कोवळ्या वयातच शर्यतीत उतरतात. म्हणूनच त्यांच्या सांध्यांतील प्रारंभीचे बदल समजून घेणे महत्त्वाचे ठरते.

मूक कूर्चा

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. प्रौढ घोड्याच्या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. त्यामुळे तिला इजा झाली तरी वेदना होत नाही आणि झीज सहसा भरून येत नाही. खालच्या हाडाला किंवा सांध्याच्या वेष्टनाला झळ पोहोचली, की मगच घोडा लंगडतो.

शिंगराची गोष्ट वेगळी. वाढत्या वयात कूर्चेचे हळूहळू हाडात रूपांतर होत असते आणि त्या काळात तिला सूक्ष्म रक्तवाहिन्या असतात. एखाद्या जागी हा रक्तपुरवठा खंडित झाला, तर तेवढा भाग मृत होऊन तेथे हाड तयार होत नाही. पुढे चीर पडून तुकडा सुटू शकतो. या विकाराला 'ऑस्टिओकाँड्रोसिस' म्हणतात. मागच्या पायाचा गुडघा व घोटा आणि खुरावरचा सांधा येथे तो प्रामुख्याने आढळतो. आनुवंशिकता, झपाट्याने होणारी वाढ आणि पिष्टमय खुराकाचा अतिरेक यांचा त्याच्याशी संबंध जोडला जातो. अनेक दोष पहिल्या वर्षातच आपोआप भरून येतात. उरलेले सुटे तुकडे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढता येतात.

धावेचा भार

दुसरे कारण सरावाचे. भरधाव धावताना सुमारे 450 ते 500 किलो वजनाच्या घोड्याच्या एकेका पुढच्या पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो. त्याला तोंड देण्यासाठी कूर्चेखालचे हाड घट्ट होते. मात्र भार वेगाने वाढत गेला, तर हाडात सूक्ष्म भेगा पडतात आणि वरच्या कूर्चेचा आधार ढासळतो.

यात वयाच्या मोजणीचीही भर पडते. भारतात सर्व थरोब्रेड घोड्यांचे वय 1 जानेवारीपासून मोजले जाते. त्यामुळे एप्रिलमध्ये जन्मलेला घोडा कागदावर दोन वर्षांचा होतो, तेव्हा तो जेमतेम 20 महिन्यांचा असतो.

विश्रांती की व्यायाम?

याचा अर्थ शिंगराला तबेल्यात बांधून ठेवावे, असा नाही. मोकळ्या कुरणातील बागडणे आणि बेताचा व्यायाम यांमुळे हाडे बळकट होतात. वेग आणि अंतर टप्प्याटप्प्याने वाढवणे, तसेच दीर्घ विश्रांतीनंतर पुन्हा हळूहळू सुरुवात करणे आवश्यक असते. कारण विश्रांतीत जुने हाड झिजून नवे तयार होत असताना ते काही काळ कमकुवत राहते.

क्ष-किरण तपासणीत हे बदल उशिरा दिसतात. एमआरआय त्यांचा माग आधी काढू शकते. अमेरिकेतील सांता अनिता रेसकोर्सवर 2019 मध्ये अनेक घोडे दगावल्यानंतर उभ्या घोड्याच्या पायाची पीईटी तपासणी करणारे यंत्र तेथे बसविण्यात आले.

पायाचे हाड गंभीररीत्या मोडल्यास घोड्याला अनेकदा वेदनारहित मृत्यू द्यावा लागतो. लंगडणे ही दुखण्याची सुरुवात मानली, तर उपचाराची वेळ बहुधा हुकलेली असते.