जग फिरायला निघताना : हिशोब दिवसांचा, पैशांचा आणि कागदांचा



‘माझे स्वप्न’ असा निबंध दिला की अनेक वह्यांत एक वाक्य हमखास सापडतं : मला जगभर फिरायचं आहे. त्यानंतर आयफेल टॉवर येतो, लंडन येतं आणि निबंध संपतो. आज आपण त्या वाक्याच्या पुढचं बघू. टूर कंपनीबरोबर दहा दिवसांत सहा देश करून येणं ही झाली सहल. आपला विषय वेगळा आहे. रस्ता, मुक्काम, तिकीट सगळं स्वतः ठरवायचं आणि कित्येक महिने, कधी काही वर्षं, घराबाहेर राहायचं. असा प्रवास कसा चालतो आणि कुठे अडतो, ते समजून घेऊ.

उदाहरण आपल्या मुंबईचंच घेऊ. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर जगप्रवासाला निघाले. तारीख बघा, पावसाळा नुकताच सरलेला. इराण, इराक करत ते बगदादला पोहोचले. तिथून अलेप्पोपर्यंतचं सुमारे साडेनऊशे किलोमीटरचं वाळवंट त्यांनी २३ दिवसांत ओलांडलं. पुढे युरोप, अमेरिका, जपान, कोरिया, चीन आणि ब्रह्मदेशमार्गे परत. १८ मार्च १९२८ ला मुंबईत परतले ते मात्र तिघेच : आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. बाकीच्या तिघांपैकी एकजण तेहरानहून माघारी फिरला, एकजण अमेरिकेतून घरी आला आणि एकजण अमेरिकेतच राहिला. या तिघांना मी कच्चे म्हणणार नाही. एवढ्या लांबच्या प्रवासात माणसाचे बेत बदलतात.

आता गणित करा. एकूण दिवस १,६१६ आणि सायकलवरचं अंतर सुमारे ७१,००० किलोमीटर. सरासरी निघते दिवसाला ४४ किलोमीटर! एवढं तर तुमच्यातला धडधाकट मुलगा किंवा मुलगी एका रविवारी चालवेल. अवघड आहे ते उद्या, परवा आणि चार वर्षांनीही चालवत राहणं. याउलट वेदांगी कुलकर्णी ही मराठी मुलगी २०१८ मध्ये १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर फिरली, म्हणजे दिवसाला १८० च्या वर. तिची लढाई घड्याळाशी होती, त्या तिघांची तशी नव्हती. सावकाश फिरणारा आणि वेगाने फिरणारा, दोघेही जग फिरतात, पण त्यांची तयारी सारखी नसते. आपण सावकाश फिरणाऱ्याबद्दल बोलतोय.

(जाता जाता भूगोल : पश्चिमेकडे जात पृथ्वीची फेरी पूर्ण करणाऱ्याच्या दिनदर्शिकेतला एक दिवस गळतो. मॅगेलनच्या मोहिमेतले खलाशी १५२२ मध्ये केप व्हर्देला पोहोचले, तेव्हा त्यांच्या वहीत बुधवार होता आणि किनाऱ्यावर गुरुवार. आपले सायकलस्वारही पश्चिमेकडेच गेले होते. मग पॅसिफिकमध्ये त्यांना काय करावं लागलं असेल?)

पैशाचं म्हणाल, तर खर्च दोन प्रकारचा असतो. विमानाचं तिकीट, व्हिसा, विमा हा खर्च एकदाच होतो. जेवण आणि मुक्काम यांचा रोज. समजा, एकदाचा खर्च १,२०,००० रुपये आणि रोजचा २,००० रुपये. दहा दिवस राहिलात तर दिवसाला १४,००० पडतात. शंभर दिवस राहिलात तर ३,२००. एकूण रक्कम वाढते हे खरं, पण दर दिवशीचा भाव उतरतो. शिवाय एका गावात महिनाभर राहणारा खोली महिन्याच्या भाड्याने घेतो, बाजारातून भाजी आणून रांधून खातो. म्हणून दीर्घ प्रवास फक्त श्रीमंतांचा, ही समजूत अर्धीच खरी.

खरी अडचण मात्र कागदांची, आणि ती कुणी सांगत नाही. पासपोर्ट कायदा भारतात १९२० साली आला, म्हणजे त्या सहा जणांनाही कागद लागलेच. आज भारतीय पासपोर्टवर बऱ्याच देशांसाठी आधी व्हिसा काढावा लागतो. युरोपातल्या शेंगेन गटाचं बघा. यात २९ देश येतात, एकच व्हिसा चालतो, पण कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसच राहता येतं. आत जाण्याचा आणि बाहेर पडण्याचा दिवसही धरतात. लीप नसलेल्या वर्षी १ जानेवारीला आत गेलात तर ३१ मार्चला ९० दिवस भरतात, आणि व्हिसा वैध असला तरी पुन्हा आत पाऊल टाकायचं ३० जूनला. मधले तीन महिने ब्रिटन, सर्बिया, अल्बानिया, तुर्की अशा गटाबाहेरच्या देशांत काढावे लागतात. त्यांचे नियम पुन्हा वेगळे!

पण खरी मेख पुढे आहे. हा व्हिसा प्रवासाच्या सहा महिन्यांहून आधी मागता येत नाही, आणि अर्ज साधारणपणे आपण जिथे कायदेशीर राहतो तिथूनच करावा लागतो. म्हणजे जानेवारीत घर सोडून आशियात वर्षभर फिरायचं आणि मग युरोपात शिरायचं, असा बेत असेल तर व्हिसा निघण्याआधी मिळणार नाही आणि वाटेत मिळणं कठीण. त्यामुळे भारतीय प्रवाशाला बऱ्याचदा मध्येच घरी येऊन जावं लागतं, किंवा व्हिसाचे देश आधी आणि सोपे देश नंतर असा रस्ता आखावा लागतो. नकाशावर सरळ दिसणारी रेघ कागदांमुळे वाकडी होते. मला विचाराल तर हे शाळेतच शिकवायला हवं.

बाकीचं थोडक्यात. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी, पुष्कळ देश ते बघतात. परदेशात गाडी चालवायची तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो, तो वर्षभरच चालतो. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांत जायचं असेल तर पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्यावी. तिचं प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, पण ते नसताना अशा देशातून भारतात उतरलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

पहिला सराव म्हणून मी नेपाळ सुचवेन. आपल्याला तिथे व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्रही चालतं. तिथे महिनाभर स्वतःच्या हिशोबाने राहून बघा, मग पुढचं ठरवा.

आता अॅटलास काढा. मुंबईहून ऑक्टोबरात निघून वर्षभराचा मार्ग आखा. प्रत्येक देशापुढे तीन गोष्टी लिहा : तुम्ही पोहोचाल तेव्हा तिथे कोणता ऋतू असेल, व्हिसा कुठून काढाल आणि किती दिवस राहता येईल. मग पहिला मार्ग खोडून दुसरा आखा. बहुतेकांना तो खोडावाच लागतो.