ताटकळणारा प्रोसेसर

जुन्या संगणकावर ब्राउझर उघडला आणि सोबत एखादी एक्सेल फाइल उघडली, की कॅबिनेटमधून कर्रकर्र सुरू होते आणि पडद्यावर गोल चक्र फिरत राहतं. ‘मशिन म्हातारं झालं,’ असं म्हणून आपण मोकळे होतो. अशा वेळी टास्क मॅनेजर उघडून बघा. बरेचदा डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना भिडलेला असतो आणि प्रोसेसर मात्र जवळजवळ रिकामा! ज्याला आपण थकलेला समजतो, तो चक्क वाट बघत बसलेला असतो.

वाट कुणाची? हार्ड डिस्कची. तिच्यातली तबकडी सहसा मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला १२०. साडेतीन इंची डिस्क असेल तर तबकडीची कड ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने धावते. माहिती वाचणारं हेड तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर, हवेच्या पातळ थरावर तरंगत असतं. माणसाचा केस त्या फटीच्या हजारो पट जाड असतो!

पण प्रोसेसरच्या लेखी ही सगळी कासवगतीच. हेड योग्य वर्तुळावर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद आणि हवा तो भाग फिरत हेडखाली यायला सरासरी आणखी चार. २००८ साली आलेला इंटेलचा कोअर टू डुओ ई८४०० घ्या. तो ३ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके. डिस्कच्या १२ मिलिसेकंदांत त्याचे ३ कोटी ६० लाख ठोके होऊन जातात. एक ठोका म्हणजे एक सेकंद असं धरलं, तर रॅममधली, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या पण वेगवान स्मृतीतली, माहिती त्याला पाचेक मिनिटांत मिळते आणि हार्ड डिस्कवरची मिळायला वर्ष उलटून जातं! एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसल्यामुळे तिथे हाच हिशेब तीन-चार दिवसांवर येतो.

मग प्रोसेसरला सारखं डिस्ककडे जावं का लागतं? एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालतात, ही बरीचशी हातचलाखी. प्रोसेसरमधला प्रत्येक कोअर काही मिलिसेकंद एकाचं काम करतो, मग दुसऱ्याचं. रॅम पुरते तोवर हे बेमालूम चालतं. ती भरली की ऑपरेटिंग सिस्टीम रॅममधली चार-चार किलोबाइटची ‘पानं’ डिस्कवर नेऊन ठेवते. १९६२ च्या सुमारास मँचेस्टर विद्यापीठातल्या अ‍ॅटलस संगणकात ही युक्ती वापरली गेली. मात्र सतत लागणारी पानंही रॅममध्ये मावेनाशी झाली, की आत्ता बाहेर टाकलेलं पान पुढच्याच क्षणी परत आणावं लागतं. काम बाजूला राहतं आणि नुसती ने-आण चालते. ‘थ्रॅशिंग’ नावाच्या या दुखण्याचं निदान पीटर डेनिंग यांनी १९६८ साली मांडलं. म्हणून तर संगणक हळूहळू मंदावत नाही, एकदम अडतो. आणि एखादा जड प्रोग्रॅम बंद करताच पुन्हा धावू लागतो.

उपाय पुढच्या क्रमाने करावेत. आधी टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतले बिनकामाचे प्रोग्रॅम बंद करा. मग मदरबोर्ड घेईल तितकी रॅम वाढवा. पण विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम सहसा वायाच जाते. त्यानंतर विंडोजसाठी साटा एसएसडी बसवा. जुन्या बोर्डाचं साटा, म्हणजे डिस्क जोडायची वाट, सेकंदाला ३०० मेगाबाइटच्या पुढे जात नाही, म्हणून कचरू नका. खरा फायदा वेगापेक्षा वाट बघणं संपण्यात आहे. विंडोज नव्याने टाकणार असाल, तर त्याआधीच बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, साटासाठी एएचसीआय मोड निवडा. डीफ्रॅग, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे सलग लावणं, करायचं ते फक्त हार्ड डिस्कचं. एसएसडीचं करून तिची झीज तेवढी होते.

नवं मशिन घेण्याआधी एवढं जरूर करून बघा. आणि डिस्कला हात लावण्यापूर्वी फोटो-कागदपत्रांचा बॅकअप घ्याच.