बंद दाराखालची फट

पावसाळ्यात एक्झॉस्ट पंखा तासन्‌तास फिरूनही न्हाणीघरातली ओल हटत नाही, ही गोव्यातल्या सदनिकांतील नेहमीची तक्रार. दोष बहुधा पंख्याचा नसतो. जेवढी हवा बाहेर फेकायची तेवढी आत यावी लागते. दार घट्ट बसले की पंखा नुसताच घरघरतो. ब्रिटनच्या इमारत-नियमांच्या मार्गदर्शिकेत म्हणूनच ७६० मिलिमीटर रुंद दाराखाली १० मिलिमीटर फट सांगितली आहे, तीही फरशी बसल्यानंतर मोजलेली. आपल्याकडे नेमकी तीच फट झुरळांच्या भीतीने लावलेली रबरी पट्टी बुजवते. पट्टी हवीच असेल, तर दारात जाळीचा झरोका ठेवावा. आत गॅस गिझर असल्यास मात्र प्रश्न ओलीपुरता उरत नाही: हवा अपुरी पडली की ज्योतीतून विषारी कार्बन मोनॉक्साइड निघतो, आणि त्याला वास नसतो. असा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेतच बसवावा.