व्यवसायोपचार : एक अपरिचित विद्या

जीवशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्यास ‘पुढे काय होणार?’ असे विचारिले की उत्तर ठरलेले असते : डॉक्टर. तो प्रवेश हुकला म्हणजे घरात सुतक पडते! वस्तुतः रुग्णालय केवळ डॉक्टरांवर चालत नाही. क्ष-किरण तंत्रज्ञ, प्रयोगशाळेतील तपासनीस, फिजिओथेरपिस्ट यांची नावे निदान कानांवरून गेलेली असतात. परंतु ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजेच व्यवसायोपचार, ही विद्या आपल्या सौंसर-पांढुर्णा भागात फारशी कोणास ठाऊक नाही.

समजा, कडबा कापण्याच्या यंत्रात एका शेतकऱ्याचा उजवा हात सापडला. शस्त्रक्रियेने हात वाचला, टाके निघाले. पण बोटे मिटत नाहीत. सदऱ्याची गुंडी लागत नाही, भाकरीचा तुकडा मोडत नाही. डॉक्टरांच्या वहीत तो बरा झाला, घरच्यांच्या लेखी नाही. येथून व्यवसायोपचारकाचे काम सुरू होते. हाताच्या मापाचा आधारपट्टा करून तो बोटांना वळण देतो. प्रथम मऊ गोळा दाबावयास लावतो, नंतर जाड मुठीचा चमचा, मग गुंड्या, आणि शेवटी विळा. हात पूर्ववत होणारच नसेल, तर डाव्या हाताने कामे शिकवितो, अवजाराची मूठ बदलून देतो. फिजिओथेरपिस्टाचा भर सांध्यांच्या व स्नायूंच्या हालचालीवर असतो, याचा रोग्याच्या नित्याच्या कामावर. अर्धांगवायूचे रोगी व जन्मतः अपंग मुले यांच्याप्रमाणेच मनोरुग्णही त्याच्या कक्षेत येतात. अशा आप्तांना घेऊन जामसांवलीस मारुतीच्या दर्शनास आलेली कुटुंबे आपण पाहतो. आजार ओसरल्यावरही माणूस पुन्हा कामास लागणे किती कठीण असते, हे त्यांना विचारावे.

भारतात ही विद्या रुजविली ती कमलाबाई निंबकर यांनी. जन्माने त्या अमेरिकन, विवाहाने महाराष्ट्रीय. १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात त्यांनी देशातील पहिली शिक्षणसंस्था उभारली. १९५२ साली या व्यवसायाचा जागतिक संघ स्थापन झाला, तेव्हा त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण सुरू झाले. नागपूर आपल्याला भोपाळहून कितीतरी जवळ, आणि १९५६ पर्यंत ती आपल्याच प्रांताची राजधानी होती. आता मात्र महाराष्ट्रातील शासकीय जागा बहुतांशी तेथील रहिवाशांसाठी असतात, ही अडचण आपल्या विद्यार्थ्यांनी आधीच ध्यानात घ्यावी.

पदवीनंतर काय? मोठी रुग्णालये, विशेष मुलांच्या शाळा, पुनर्वसन केंद्रे येथे काम मिळते. अनुभवानंतर स्वतःचे केंद्रही काढता येते. परदेशी जाणारेही पुष्कळ, पण अनेक देशांत तेथील परीक्षा द्यावी लागते. लहान गावांत जागा अजून थोड्या आहेत आणि आरंभीचे वेतन डॉक्टरांइतके नसते, हेही सांगितले पाहिजे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने अशा पदवीसाठी किमान ३६०० तासांचे शिक्षण आवश्यक ठरविले आहे. म्हणून पालकांनी इमारत पाहून भुलू नये. संस्थेस मान्यता आहे काय, आणि विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष रोगी कोणत्या रुग्णालयात पाहावयास मिळतात, एवढे दोन प्रश्न शुल्क भरण्यापूर्वी विचारावे.