नळीतला साका, धमनीतला साका

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की हंड्यात तुरटी फिरवायची. काही वेळानं तळाला साका आणि वर निवळी. मातीचे बारीक कण सारख्याच विद्युतभारामुळे एकमेकांना दूर लोटत तरंगत असतात. तुरटी तो भार मारते आणि कण गोळा होऊन खाली बसतात.

असाच साका रक्ताच्या सीरममध्येही पाडता येतो. नितळ, पिवळसर सीरममध्ये हेपारिन आणि मँगनीजचा क्षार मिसळला की नळी हळूहळू दुधाळ होते. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की तळाशी साका बसतो. लिपिड प्रोफाइलमधलं एचडीएल कित्येक वर्षं वरच्या निवळीतून मोजलं जाई. एलडीएल तर थेट मोजतही नसत. फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेड्रिकसन यांनी १९७२ साली सूत्र दिलं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करा. आजही कितीतरी रिपोर्टांत हाच हिशेब असतो.

पण साक्यात एलडीएल का जातं, एचडीएल का नाही? कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून शरीर ते कणांत भरून पाठवतं. एलडीएलचा कण जेमतेम २२ नॅनोमीटरचा. प्रत्येक कणाभोवती 'अपो-बी' नावाचं एकच अवाढव्य प्रथिन गुंडाळलेलं असतं, ४,५३६ अमायनो आम्लांचं. त्यावर काही ठिकाणी धन भाराचे पट्टे आहेत. हेपारिन म्हणजे सल्फेटांनी खच्चून भरलेली, ऋण भाराची लांब साखळी. एकेक साखळी अनेक कणांना धरते, मोळी जड होते आणि खाली बसते. एचडीएलवर अपो-बी नसतं, म्हणून ते निवळीतच राहतं.

हेपारिनचे भाऊबंद आपल्या धमन्यांतही आहेत, हे मला या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. धमनीच्या आतल्या अस्तराखाली बायग्लायकन, व्हर्सिकनसारखे प्रोटिओग्लायकन असतात. त्यांच्या साखळ्याही सल्फेटवाल्या, ऋण भाराच्या. एलडीएलचे कण अस्तरातून सतत आत झिरपतात आणि बरेचसे परतही जातात. काही मात्र या साखळ्यांत अडकतात. अडकलेल्या कणांवर विकरं काम करतात, कण एकमेकांना चिकटतात, त्यांचं ऑक्सिडीकरण होतं. मग भक्षक पेशी ते गिळून गिळून फेसाळ होतात. प्लाकची, म्हणजे धमनीच्या भिंतीत साचणाऱ्या थराची, सुरुवात ही. केविन विल्यम्स आणि आयरा टाबास यांनी १९९५ साली ठामपणे मांडलं, की धमनीच्या या रोगाची पहिली पायरी म्हणजे कणाचं आत शिरणं नव्हे, त्याचं तिथे अडकून राहणं.

पुरावा उंदरांत मिळाला. स्वीडनच्या यान बोरेन यांच्या गटानं अपो-बीमधली मोजकी अमायनो आम्लं अशी बदलली, की कण साखळ्यांना नीट चिकटेना. पेशींवरच्या ग्राहकांशी त्याचं नातं मात्र शाबूत राहिलं. २००२ साली 'नेचर'मध्ये निष्कर्ष आले. रक्तात कोलेस्टेरॉल सारखंच चढलेलं असूनही, या उंदरांच्या धमन्यांत सुरुवातीचा रोग बराच कमी होता.

एलडीएलला लावलेला 'वाईट कोलेस्टेरॉल' हा शब्द म्हणूनच मला खटकतो. एलडीएलमधलं आणि एचडीएलमधलं कोलेस्टेरॉल रेणू म्हणून एकच. फरक वाहकात आहे, त्याच्या अंगावरच्या त्या पट्ट्यात आहे. रक्तात असे कण जितके जास्त आणि जितकी जास्त वर्षं, तितके अडकणारेही जास्त. स्टॅटिन गटातली औषधं घेतल्यावर यकृत रक्तातले कण भराभर ओढून घेऊ लागतं. धमनीपाशी पोचणारेच कमी होतात. साखळ्या मात्र जागच्या जागी, तशाच राहतात.