डबा बदलण्यापूर्वी

घरात तान्हं मूल असलं की सल्ल्यांना तोटा नसतो. बाळ रडलं, दूध ओकलं, की 'डबा बदलून बघा' हे ठरलेलंच. माझी लेक बाळंतपणाला रत्नागिरीला आमच्याकडे आली होती. अंगावरचं दूध पुरेना, बाळाचं वजन वाढेना, म्हणून डॉक्टरांनी जोडीला डब्याचं दूध लिहून दिलं. दोन-तीन आठवड्यांत नातवाच्या गालांवर लाल चट्टे उठले, ओकाऱ्या वाढल्या आणि एके सकाळी शीत रक्ताचे धागे दिसले.

आळीतून उपाय आले. कुणी म्हणालं शेळीचं दूध द्या, कुणी नारळाचं काढा, कुणी नाचणीच्या सत्त्वावर ठेवा. सांगणाऱ्यांची माया खोटी नव्हती. पण डॉक्टरांनी आधी विचारलं, दुधातलं नेमकं बाधतंय काय?

दुधात साखर असते, तशी प्रथिनंही. साखर, म्हणजे लॅक्टोज, पचली नाही तर पोट फुगतं, पाण्यासारखी आंबूस शी होते. तान्ह्या बाळात हे बहुधा मोठे जुलाब होऊन गेल्यावर काही दिवसांपुरतं असतं. चट्टे आणि रक्त मात्र प्रथिनांच्या अ‍ॅलर्जीकडे बोट दाखवतात. मग 'लॅक्टोज फ्री' डबा आणून उपयोग नाही. साखर गेली तरी प्रथिनं तीच. शेळी-म्हशीच्या दुधातली प्रथिनंही गाईच्या दुधासारखीच, त्यामुळे बहुतेक अशा बाळांना तीही बाधतात. सोयाचा डबा सहा महिन्यांच्या आत सहसा देत नाहीत. नारळाच्या दुधावर तर तान्हं बाळ पोसतच नाही.

उरला तो प्रथिनांचे बारीक तुकडे केलेला, हायड्रोलाइज्ड डबा. तोही सोसला नाही तर अमिनो आम्लांचा. चवीला कडवट, किमतीला कितीतरी पट. आमचा डबा मुंबईहून येणाऱ्या नातलगाबरोबर कोकणकन्येने यायचा.

लेकीला वाटे, आपल्याच दुधात दोष आहे. डॉक्टरांनी तिची समजूत काढली. अंगावर पाजणं थांबवायचं नाही. तिनेच जेवणातून दूध, दही, ताक, तूप वर्ज्य करायचं आणि कॅल्शियमची गोळी घ्यायची. तीन आठवड्यांत गाल स्वच्छ झाले. तरी खात्रीसाठी डॉक्टरांनी आपल्या देखरेखीखाली पहिलं दूध थोडंसं पुन्हा देऊन पाहिलं. चट्टे परतले, निदान पक्कं झालं. ही परीक्षा टाळली असती तर महागडा डबा खरंच हवा की नको, हे कळलंच नसतं. यातली बरीचशी मुलं काही वर्षांत साधं दूध पचवू लागतात.

आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बाळाच्या दुधाची जाहिरात आणि डब्यावर बाळाचं चित्र, दोन्हींना बंदी आहे. 'आईचं दूधच सर्वोत्तम' ही सूचना मात्र प्रत्येक डब्यावर असते. ती वाचावी, आणि मागचा मजकूरही.

घरच्यांनी दोन कामं करावीत. एक वही ठेवावी: काय पाजलं, किती वाजता, शी कशी झाली, अंगावर काय उठलं. आणि दूध उकळलेल्या, अजून चांगल्या गरम पाण्यात, चमचा सपाट भरून कालवावं आणि कोमट करून पाजावं. डबा पुरवायचा म्हणून पातळ करू नये. शीत रक्त दिसलं, वजन अडलं, तोंड सुजलं किंवा श्वास लागला, तर दुकानात नव्हे, थेट दवाखान्यात जावं.