वजन उतरले, आता ताकद राखायची

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया होते, पुढचे काही आठवडे पातळ आणि मऊ आहारात जातात, काटा भराभर खाली येतो आणि डॉक्टर सांगतात, ‘आता व्यायाम सुरू करा.’ यानंतरचा निर्णय बहुतेक घरांत अर्ध्या तासात उरकला जातो. नाशिकमध्ये गंगापूर रोड असो, इंदिरानगर असो, सिडको की नाशिकरोड, जिम आता प्रत्येक भागात आहे. घराजवळची, एसी असलेली, वर्षाची फी एकदम भरली तर सवलत देणारी जिम निवडली की काम झाले, असे वाटते. शस्त्रक्रिया कुठे करायची याची महिनोन्‌महिने चौकशी करणारी माणसे जिमच्या बाबतीत इतकी घाई करतात, कारण त्यांच्या मनातला प्रश्नच चुकलेला असतो. उरलेले वजन लवकर कुठे उतरेल, हे ती शोधत असतात. पण वजन उतरवण्याचे काम शस्त्रक्रिया करतेच आहे. उतरणाऱ्या वजनाबरोबर अंगातली जी ताकद जाते ती राखणे, हे जिमचे काम आहे आणि जिम त्याच कसोटीवर निवडावी, असे माझे ठाम मत आहे.

ताकद जाते कशी, हे आधी समजून घेऊ. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग कापून काढतात. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती लहान आतड्याला पुढे जोडतात. दोन्हींत सुरुवातीचे काही महिने माणूस पूर्वीच्या मानाने फारच थोडे खाऊ शकतो. एवढ्या मोठ्या तुटीत शरीर फक्त चरबी जाळून भागवत नाही, स्नायूंनाही हात घालते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणानुसार पहिल्या वर्षात सरासरी आठ किलोंच्या आसपास चरबीविरहित वजन जाते आणि त्यातले निम्म्याहून अधिक पहिल्या तीनच महिन्यांत जाते. हे सगळेच स्नायू नसतात, त्यात पाणी आणि इतर ऊतीही असतात. तरीही जिना चढताना पाय थरथरणे, जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागणे, गॅसचे सिलिंडर सरकवताना दम लागणे या तक्रारींमागे बहुतेकदा हीच घट असते. हाडांची घनताही कमी होते, आणि ती पुढे अनेक वर्षे सांभाळावी लागते. काट्यावर यातले काही दिसत नाही. चार किलो चरबी गेली काय आणि तीन किलो चरबी व एक किलो स्नायू गेले काय, आकडा तोच.

व्यायामाने यात नेमका काय फरक पडतो, याचे पुरावे सरळसोट नाहीत आणि म्हणूनच ते नीट वाचायला हवेत. अमेरिकेत पिट्सबर्गच्या संशोधकांनी २०१५ मध्ये बायपास झालेल्या १२८ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिने व्यायाम करणाऱ्यांचे वजन न करणाऱ्यांपेक्षा फारसे जास्त उतरले नाही. मात्र त्यांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद आणि दमसास स्पष्टपणे सुधारला. ब्राझीलमध्ये साओ पावलो इथे बायपास झालेल्या स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी सहा महिन्यांचा देखरेखीखालचा व्यायाम दिला, तेव्हा हाडांची झीज कमी राहिली. पॅरिसमधल्या २०१८ च्या अभ्यासातून मात्र वेगळीच गोष्ट पुढे आली. वजनाचे व्यायाम आणि जादा प्रथिने देऊनही चरबीविरहित वजनाची घट थांबली नाही, पण स्नायूंची ताकद वाढली. या निष्कर्षाचा आधार घेऊन ‘मग उपयोग काय?’ असे कुणी विचारेल. माझ्या मते उपयोग हाच आहे. रोजच्या जगण्यात स्नायूचे वजन लागत नाही, ताकद लागते. अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वेही आठवड्याला किमान १५० मिनिटे, आणि जमल्यास ३०० मिनिटांपर्यंत, मध्यम व्यायाम सांगतात, पण त्याचबरोबर आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीचा व्यायामही सांगतात. आपल्याकडे सल्ल्याचा पहिला भाग पोहोचतो, दुसरा वाटेतच गळतो.

‘रोज चालतो, ते पुरेसे नाही का?’ हा सगळ्यांत रास्त आक्षेप आहे. नाशिकला चालण्याची सवय जुनी आहे. गोल्फ क्लबच्या, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटेच गर्दी असते. शस्त्रक्रियेनंतर पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रुग्णाला शक्य तितक्या लवकर चालवतात आणि ते चालणे पुढेही सोडायचे नसते. पण एक साधा हिशेब इथे विसरला जातो. १२० किलोंचा माणूस चालतो तेव्हा त्याचे पाय प्रत्येक पावलाला १२० किलो पेलत असतात. तोच माणूस ९० किलोंवर आला की त्याच ट्रॅकवरच्या त्याच फेरीत पायांवरचा भार ३० किलोंनी हलका होतो. स्नायूंना मिळणारे काम आपोआप घटते, आणि काम घटले की स्नायू आणखी आटतात. गेलेला हा भार बाहेरून, थोडाथोडा आणि मोजून परत द्यावा लागतो. खांदे, पाठ आणि दंड यांना तर चालण्यातून जवळजवळ काहीच मिळत नाही. शिवाय नाशिकचा पावसाळा महिनोन्‌महिने चालण्यात खंड पाडतो. घरी रबरी पट्ट्यांवर किंवा पाण्याच्या बाटल्यांवर हे करता येणार नाही का? येईल, आणि ज्यांना कुणी नीट शिकवले आहे त्यांनी जरूर करावे. अडचण शिकवण्याची आणि वाढवत नेण्याची आहे. पहिल्या महिन्यातली बाटली सहाव्या महिन्यातही तीच राहते.

म्हणून जिममध्ये यंत्रांच्या आधी माणूस पाहावा. पहिल्या भेटीत ट्रेनर काय विचारतो, यावर माझ्या मते अर्धा निर्णय व्हायला हवा. शस्त्रक्रिया कोणती झाली, किती आठवडे झाले, सर्जनने वजन उचलायला लेखी परवानगी दिली आहे का, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत का, दिवसात प्रथिने किती जातात, हे त्याने आपणहून विचारले पाहिजे. वजन किती आणि किती कमी करायचे एवढेच विचारून जो पॅकेजचा कागद पुढे करतो, त्याच्याकडे थांबू नये. इथे एक अडचण खरी आहे. आपल्याकडे ट्रेनरचे अभ्यासक्रम आणि प्रमाणपत्रे आहेत, कौशल्य विकासाच्या यंत्रणेतही फिटनेस ट्रेनरचा अभ्यासक्रम आहे. पण व्यवहारात पिळदार दंड हीच पात्रता मानली जाते. फिजिओथेरपिस्टला मात्र पदवी घ्यावी लागते आणि राज्यात त्यांच्यासाठी कायद्याने नेमलेली परिषदही आहे. त्यामुळे जिमच्या आधी काही दिवस फिजिओथेरपिस्टकडे जावे, हा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. नाशिकला तो अवघडही नाही. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय इथेच आहे, मराठा विद्या प्रसारक समाजाचे फिजिओथेरपी महाविद्यालयही शहरात आहे. ज्यांनी शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात करून घेतली आणि ज्यांचा सर्जन दोनशे किलोमीटरवर आहे, त्यांना तर शरीर समजणारा असा जवळचा माणूस हवाच. बसणे-उठणे, वाकणे, ओढणे, ढकलणे त्याच्याकडून शिकून, त्याची चिठ्ठी घेऊन मग जिममध्ये जावे.

त्यानंतर जागा पाहावी. डंबेल एक-दोन किलोंपासून आहेत का, यंत्रावरचे वजन लहान टप्प्यांनी वाढते का, ट्रेडमिलला भक्कम कठडा आहे का आणि ते अगदी सावकाश सुरू होते का, यंत्राची वजनक्षमता आपल्याला पुरते का, हे विचारायला संकोच नको. जिम तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, हे पहिल्या महिन्यात नाही म्हणण्याचे पुरेसे कारण आहे. संध्याकाळी सातला, भर गर्दीत, ट्रेनरला तुमच्याकडे पाहायला वेळ नसतो. दुपारची किंवा सकाळी उशिराची वेळ मिळते का पाहावे. यासाठी महागडी जिमच लागते असे नाही. यशवंत व्यायामशाळेसारख्या संस्थांमुळे नाशिकला व्यायामशाळेची परंपरा नवी नाही, आणि लक्ष देणारा शिक्षक असेल तर साधी व्यायामशाळा चकचकीत जिमपेक्षा कधीही बरी.

धोक्यांबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतरही साधारण चार ते सहा आठवडे जड वजन उचलायचे नसते, आणि पोटाचे जोरकस व्यायाम त्याहून उशिरा, सर्जनला विचारूनच करायचे असतात. छेदांच्या जागी हर्निया होऊ शकतो. श्वास कोंडून वजन उचलणे टाळायचेच. अंग दुखले म्हणून जिममध्ये सहज हातावर ठेवली जाणारी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची गोळी बायपास झालेल्यांनी घेऊ नये. जोडाच्या जागी व्रण होण्याचा धोका त्याने वाढतो. ‘फॅट बर्नर’ आणि ‘प्री-वर्कआउट’ पावडरींची या शरीराला गरज नाही. प्रथिनांची पावडर आहारतज्ज्ञाने सांगितली तरच घ्यावी. दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने सांगितली जातात, आणि एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास व शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास मिळतात, तेव्हा लहान झालेल्या पोटात तेवढी बसवणे किती अवघड आहे हे लक्षात येते. ती पोटात जात नसतील तर व्यायाम वाढवून उपयोग नाही. पाणी एकदम पिता येत नाही, म्हणून घोट घोट पिण्यासाठी अधूनमधून थांबू देणारा ट्रेनर हवा. एप्रिल-मेच्या नाशिकमध्ये तर नक्कीच. वजन उतरल्यावर रक्तदाबाच्या जुन्या मात्रा जास्त होतात आणि बाकावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. असे झाले तर डॉक्टरांना कळवावे, ‘अशक्तपणा आहे, जाईल’ म्हणून सोडू नये. छातीत दुखणे, एका पोटरीला सूज, न थांबणारी उलटी, यांपैकी काहीही झाले तर व्यायाम थांबवून थेट रुग्णालय गाठावे.

या सगळ्याला एक आक्षेप कुणी मोठ्याने घेत नाही, पण तो सर्वांत जड आहे. ट्रेनरला हे सगळे सांगायचे म्हणजे ऑपरेशन झाल्याचे सांगायचे, आणि नेमके तेच अनेकांना नको असते. कष्ट न करता वजन उतरवले, हा टोमणा मराठी घरांत अजून ऐकावा लागतो. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली आणि ते लपवले नाही. विमा नियामकानेही बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असेल, किंवा किमान ३५ असून गंभीर सहव्याधी असतील, तर वैद्यकीय सल्ल्याने होणाऱ्या या शस्त्रक्रियेला उपचार म्हणून मान्यता दिली आहे. हा उपचार आहे, आणि उपचार घेतल्याची लाज वाटण्याचे काही कारण नाही. तरीही कुणाला गावभर सांगायचे नसेल तर तो त्यांचा अधिकार आहे. फक्त एका ट्रेनरला सांगणे सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे. ती माहिती त्याच्यापाशीच राहील, ‘आधी-नंतर’चे फोटो परवानगीशिवाय भिंतीवर किंवा इन्स्टाग्रामवर जाणार नाहीत, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट विचारून घ्यावे. जिथे हे विचारायलाच भीती वाटते, ती जिम तुमच्यासाठी नाही.

फी महिन्याचीच भरावी, सवलत कितीही मोठी असली तरी. शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षात कधी उलट्या, कधी पित्ताशयातले खडे, कधी लोहाच्या कमतरतेने आलेला थकवा यामुळे खंड पडतोच, आणि वर्षाचे पैसे अडकले की माणूस आजारातही रेटत राहतो. प्रगती मोजायला एक सरळ खुर्ची पुरते. हात छातीशी घेऊन ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येते, हे पहिल्या आठवड्यात मोजून लिहून ठेवावे आणि दर महिन्याला पुन्हा मोजावे. तीन महिने नियमित जाऊनही तो आकडा हलला नाही, तर आधी रक्ततपासणी करून लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि प्रथिने पाहावीत. ती ठीक असतील तर ट्रेनर बदलावा.